नॉर्मल म्हणून ठेवलेला तुकडा

विश्रांतवाडी, पुणे
१२ जून २०२४

सुदर्शन,

फोन नाही, मेसेज नाही, मेल नाही, असं आपलं ठरलं होतं. पत्राचं आपण बोललो नव्हतो. मी नीट आठवून बघितलं. वाकडेवाडीच्या स्टँडवर तुझी यवतमाळची गाडी लागलेली, आणि मीच म्हणाले होते, "घरी माझ्याबद्दल सांगशील तेव्हा फोन कर, तोवर काहीच नको." तू म्हणालास, थोडं थांब. दोन वर्षं झाली. आता 'काहीच'मध्ये पत्र येतं की नाही यावर तू वाद घालू शकतोस, पण त्यासाठी तुला पत्रच लिहावं लागेल.

लिहायला एक कारण आहे. काढलेलं आहे, पण आहे.

जानेवारीपासून मॅडमनी मला फ्लुरोसन्सचं टेबल दिलंय. सुरुची मॅडम, ज्यांना तू 'हेडमास्तर' म्हणायचास. ज्यांचे हातपाय कमजोर होत चाललेत, अशा लोकांच्या मांडीतला नाहीतर दंडातला बोराएवढा तुकडा आमच्याकडे येतो. तो गोठवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, त्यावर एका ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी टाकायची, तिच्यावर चमकणारा रंग. मग अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली निळा प्रकाश सोडला की जिथे ते प्रोटीन आहे तिथे हिरवं दिसतं. नाही तिथे काळं. शनिवार पेठेत खाली हॉर्न वाजत असतात आणि वर आम्ही पडदे लावून हिरवं का काळं बघत असतो.

पण पेशंटचा काप काळा दिसला तर तो आजार कशावरून? माझंच काम बिघडलेलं असू शकतं. म्हणून दर वेळी शेजारी एका धडधाकट माणसाचा काप लावायचा. तो कंट्रोल. कंट्रोल हिरवा आला की माझं काम बरोबर, आणि मग पेशंट काळा असेल तर तो खरंच काळा.

आमच्या लॅबच्या कंट्रोलच्या डबीवर लिहिलंय सी-४. तो तू आहेस.

चार वर्षांपूर्वी मुंढव्याच्या पुलावर तुझी गाडी घसरली, मांडीत रॉड घातला. ऑपरेशनमध्ये निघालेला स्नायू आमच्या लॅबला दे म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. तू भुलीतून अर्धा बाहेर आलेला, आणि नर्सला विचारत होतास, "माझं मटण कुणाला दिलं?" डबी बर्फात घालून मीच आणली. तिच्यावर नाव नाही. लॅबमध्ये कुणाला माहीत नाही. मला आहे.

तर दर मंगळवारी मी तुला बघते. तू कसा दिसतोस सांगू? एकाला एक चिकटून आखलेली बॅडमिंटनची शेकडो कोर्टं. रेघा हिरव्या, मधे अंधार. एकही रेघ तुटलेली नाही.

म्हणून तुझी खुशाली विचारत नाही. ती मला दिसते.

आम्रपाली


खराडी
२४ जून २०२४

आमू,

पाकीट बघून आयुष म्हणाला, "भाऊ, कोर्टाची नोटीस आलीये." आयुष माझा फ्लॅटमेट, त्याला पोस्टाने फक्त बँकेचं येतं. मी अक्षर ओळखलं आणि बाथरूममध्ये जाऊन वाचलं. नळ सोडून ठेवला होता, का ते विचारू नकोस.

'काहीच'मध्ये पत्र येतं. पण हे मी तुला पत्राने कळवतोय, म्हणजे हरलोच.

मी नॉर्मल आहे ही बातमी मोठी आहे. याचं सर्टिफिकेट मिळेल का? अप्रेजलला लावतो. मॅनेजर म्हणतो 'नीड्स इम्प्रूव्हमेंट', आणि तिकडे अर्ध्या पुण्याचे आजार मला बघून मोजतात. आईला पण पाठवतो एक कॉपी. तिला अजून वाटतं मी पुण्यात नीट जेवत नाही.

खरं सांगायचं तर ओरिजिनल माणूस तुझ्या सी-४ एवढा चमकत नाहीये. बॅडमिंटन सुटलं. तुला आठवतं ना, नेटवर मी कसा उडायचो. आता चवड्यांवर उभं राहायला गेलो की टाचा उचलतच नाहीत. परवा माळ्यावरची बॅग काढायला स्टूल घेतलं तर आयुष म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी काढतो." पोटऱ्या भरून येतात. रॉडवाला पाय असेल म्हणावं तर दोन्ही पाय. खुर्चीवर बसून बसून झालंय, दुसरं काय.

महिन्याभराने दारव्ह्याला घरी चाललोय. रंगरावमामा येणारेत, आईचे भाऊ. काही विशेष नाही.

मंगळवारी मी तुझ्याकडे साधारण कधी असतो? त्या वेळेला मी कॉल घेणार नाही. असंच. दोन्हीकडे एकाच वेळी असलेलं बरं.

सुदर्शन


विश्रांतवाडी
१० जुलै २०२४

सुदर्शन,

तू दुपारच्या चहाच्या जरा आधी असतोस. जास्त वेळ नसतोस. ही चमक टिकत नाही. प्रकाश टाकून जितकं बघत राहावं तितकी ती विझत जाते. बघण्यानेच विझते. म्हणून आधी फोटो काढायचा असतो आणि मग बघायचं. मी उलटं करते. मॅडम मागून म्हणतात, "आम्रपाली, दर्शनाला आलीयेस का? फोटो काढ आणि पुढे सरक."

काल एक गंमत झाली. आमच्याकडे नवीन अँटिबॉडी आलीये, डिसफर्लिनची. स्नायूंच्या पडद्याला रोज बारीक चिरा जातात, जिना चढलो तरी जातात. डिसफर्लिन त्या रफू करतं. ज्यांच्यात ते नसतं त्यांचा स्नायू फाटत जातो आणि कुणी शिवत नाही. तर साताऱ्याकडच्या एका बाईंचा तुकडा आला होता, शेजारी नेहमीसारखा तू. बघते तर बाई लख्ख हिरव्या आणि तू काळा.

मॅडम म्हणाल्या, "लेबलं उलटी लावलीस."

"नाही लावली मॅडम."

"मग काय, कंट्रोल आजारी पडला?"

सगळी लॅब हसली. मी पण हसले. कुठेतरी माझंच चुकलं असणार, तुझ्या कापावर थेंब नीट पसरला नसेल. मॅडमनी बाईंचा रिपोर्ट थांबवला, अँटिबॉडीची नवीन बाटली मागवली. आली की परत लावायचं. पण मंगळवारी तू मला दिसला नाहीस असं पहिल्यांदा झालं. नुसता अंधार. बरं नाही वाटलं. म्हणून लिहितेय, बाकी काही नाही.

पोटऱ्यांसाठी: पायरीच्या कडेवर उभं राहायचं, टाचा वर-खाली, रोज सकाळी. दुखलं तरी सोडू नकोस. आळशी झालायस तू.

आणि काही विशेष नसताना मामा येणार हे कुणी पत्रात लिहीत नाही. नीट लिही.

आम्रपाली


दारव्हा
४ ऑगस्ट २०२४

आमू,

नीट लिहितो.

मामांना मुलगी आहे, भाग्यश्री. यवतमाळला बी.एड. करते. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. बाबांनीही मामाचीच मुलगी केली, ती माझी आई. आम्ही लहान होतो तेव्हापासून कुणीही पाहुणा आला की भाग्यश्रीला दाखवून म्हणायचे, ही आपल्या सुदर्शनची. मी ते 'बाळ कुणाचं, बाळ कुणाचं' या जातीचं समजत होतो. म्हणून तुला कधी सांगितलं नाही. ते तसं नव्हतं.

आई म्हणते, आपल्याच रक्तातली पोरगी, म्हातारपणी घोटभर पाणी तरी देईल. माघात लग्न धरायचं म्हणतात. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. मी जेवत होतो.

तू आता हा कागद खाली ठेवला असशील. उचल.

भाग्यश्री वाईट नाहीये. काल ओट्यावर चढताना मी गुडघ्यावर हात दाबून चढलो, तर म्हणाली, "काहून, पुण्यात म्हातारा होऊन राहिला का तू?" सगळे हसले. आई म्हणाली, "खुर्चीवरची नोकरी हाय त्याची." तुझा टाचांचा व्यायाम रोज करतोय, दुखलं तरी सोडत नाहीये. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, पण त्यालाच असर होणं म्हणत असतील.

मी सांगणार आहे घरी, तुझ्याबद्दल. आज सकाळी आई दळण निवडत होती, मी समोर जाऊन बसलो, आणि मग मी पण निवडायला लागलो.

थोडं थांबशील? हे मी आधीही म्हणालोय, मला माहीत आहे.

सुदर्शन


विश्रांतवाडी
२९ ऑगस्ट २०२४

सुदर्शन,

कुठल्याही लॅबमध्ये जाऊन सीपीके नावाची रक्ताची तपासणी करून घे. साधी आहे, उपाशीपोटी जायची पण गरज नाही.

टाचांचा व्यायाम आजपासून बंद.

कारण विचारू नकोस.

आम्रपाली


खराडी
५ सप्टेंबर २०२४

आम्रपाली,

मी तुला मामाच्या मुलीबद्दल लिहिलं. त्यावर तू महिनाभर गप्प. आणि मग चार वाक्यं, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी.

मी मूर्ख नाहीये. लग्नाचं निघालं आणि तुला एकदम माझं रक्त तपासावंसं वाटलं. रक्तात काहीतरी निघेलच, कुणाच्याही निघतं, आयुषचं पण कोलेस्टेरॉल निघालं. मग ते घेऊन मी घरी जायचं आणि सांगायचं की बघा, माझ्यात खोट आहे, नका देऊ पोरगी. हेच ना?

तुला लग्न मोडायचं असेल तर 'मोड' असं लिही. एवढा एक शब्द. मी कदाचित मोडलं पण असतं. माझ्यात खोट काढून नको.

सुदर्शन


विश्रांतवाडी
१२ सप्टेंबर २०२४

सुदर्शन,

खोट. मी महिनाभर हाच शब्द टाळून लिहायला बघत होते. कितीतरी कागद फाडले. शेवटी चार वाक्यं उरली, ती पाठवली. चुकलं. आता सगळं लिहिते, बसून वाच.

नवीन बाटली ऑगस्टच्या मध्यावर आली. त्या दिवशी तीन जणांचे काप लावले: साताऱ्याच्या बाई, एक लहान मुलगा आणि तू. बाई हिरव्या. मुलगा हिरवा. तू काळा. मॅडम स्वतः शेजारी बसून होत्या, लेबलं त्यांनी लावली होती. मग मी तुझाच पुढचा काप घेऊन त्यावर नेहमीची, डिस्ट्रोफिनची अँटिबॉडी टाकली. सगळी कोर्टं उजळली, एकूण एक रेघ जागेवर. म्हणजे तुकडा चांगला आहे, काम बरोबर आहे. फक्त ते एक रफूचं प्रोटीन तुझ्यात नाही. चार वर्षं आम्ही तुला नॉर्मल म्हणून ठेवलं, कारण ती बाटली आमच्याकडे कधी नव्हतीच.

कंट्रोल चुकीचा असू शकतो हे आमच्या डोक्यातच येत नाही. स्वतःवर संशय घ्यायचा, बाटलीवर घ्यायचा, लेबलावर घ्यायचा. कंट्रोलवर घ्यायचा तर बघायचं कशाच्या आधाराने? आणि माझ्यासमोर तर तुझं पत्र होतं. चवड्यांवर उभं राहता येत नाही, पोटऱ्या जातात, आधी माणूस चांगला खेळणारा असतो. या आजाराची सुरुवात पुस्तकात अशीच दिलेली असते. मी ती पुस्तकात वाचली होती. तुझ्या अक्षरात वाचली तेव्हा तुला आळशी म्हणाले, आणि वर व्यायाम दिला. ज्याच्याकडे रफू करणारं कुणी नाही त्याला मी रोज फाडायला सांगत होते. तो सोडलास ना? एवढं तरी ऐक.

मॅडमना सांगितलं. सी-४ कोण आहे तेही. त्या कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

म्हणाल्या, "नियमाप्रमाणे हे नाव तुला माहीत नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"मग मी हॉस्पिटलला कळवते. त्यांची कमिटी बसेल. मग ते त्याला बोलावतील."

"कधी?"

"कमिटी आहे ती. माघ उलटेल." मग म्हणाल्या, "कोण आहे तो तुझा?"

मी डबीचं झाकण परत घट्ट केलं.

"मग तर तू अजिबात सांगू नकोस," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "आणि सांगितलंस तर ते मला कळलेलं नाही."

आता तुला जे सगळ्यात आधी कळायला हवं ते. यात जीव जात नाही. पाय हळूहळू जातात, वर्षानुवर्षं लागतात, मग काठी, मग कधीतरी चाकांची खुर्ची. हातही कमजोर होतात. औषध अजून नाही. मी तुला खोटं सांगणार नाही.

आणि दुसरं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या तरच हा होतो. तुझ्या आईबाबांमध्ये एकेक असणार, त्यांना त्याचा काही त्रास नाही. नात्यातल्या नात्यात लग्न झालं की अशा दोन प्रती गाठण्याची शक्यता वाढते. भाग्यश्री त्याच घरातली आहे. तिच्यात एक असेल तर तुमच्या प्रत्येक मुलाला निम्मी भीती. नसेल तर काहीच नाही.

आता मी कुठे उभी आहे ते बघ. मला जे व्हायला हवं आहे तेच नेमकं माझ्या मायक्रोस्कोपमधून बाहेर आलं. तुझ्या जागी मी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता. म्हणून ठेवूच नकोस. सीपीके कर. न्यूरॉलॉजिस्टकडे जा, जीन टेस्ट कर. भाग्यश्रीची करा. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला तर या लग्नाला लॅबची हरकत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. ती या कागदावर लिहिली तर वरचं सगळं खोटं वाटेल.

आम्रपाली


खराडी
२० डिसेंबर २०२४

आमू,

सप्टेंबरमध्ये मी तुला जे पत्र लिहिलं ते परत मिळेल का? नसेल तर फाड.

तुझं वाचून आठवडाभर मी काहीच केलं नाही. मग एका सकाळी ऑफिसला जाताना बूट घातले आणि रक्त द्यायलाच गेलो. सीपीके नऊ हजार, असायला हवं दोनशेच्या आत. लॅबवाल्या पोरीने परत सुई टोचली, तिला वाटलं मशीन बिघडलं. तुम्ही लोक माणसावर संशय घ्यायला फार वेळ लावता. न्यूरॉलॉजिस्टने मला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं, मी नुसता उभाच. मग टाचांवर. ते जमलं. मी त्याच्याकडे बघून हसलो, तो नाही हसला. जीन टेस्टचा रिपोर्ट आला, तू म्हणालीस तेच निघालं.

दिवाळीत घरी सांगितलं. आजार पण, तू पण. एकाच संध्याकाळी, कारण परत धीर झाला नसता. आई म्हणाली, पुण्याला पाठवलंच नसतं तर. मी म्हटलं, आई, हे पुण्याचं नाहीये, हे आपलं आहे, तुमचं दोघांचं थोडं थोडं. मग ती बाबांकडे बघत राहिली. बाबा टीव्हीकडे बघत होते, टीव्ही बंद होता. तुझं नाव सांगितल्यावर तिने आडनाव विचारलं. तेही सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. ज्या एका वाक्याला मी अडीच वर्षं घाबरत होतो, ते एका 'बरं'मध्ये संपलं. मोठं दुःख आल्यावर लहान भांडणाला घरात जागाच राहिली नाही.

म्हणजे आता मी तुला फोन करू शकतो. नंबर काढून बसलो होतो. बोलता येणार नाही म्हणून लिहितोय.

भाग्यश्रीचं सांगतो. तिची टेस्ट नकोच असं मामांचं म्हणणं होतं, पोरीचं नाव खराब होतं म्हणून. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मले विचारून राहिलं का कोणी? रक्त माझं हाय." आणि स्वतः यवतमाळला जाऊन देऊन आली. परवा रिपोर्ट आला. स्वच्छ. तिच्यात काही नाही.

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मंग आता अडचण काय हाय?"

मी म्हटलं, "भाग्यश्री, माझे पाय जाणार आहेत."

"ऐकलं मी. तुझे जातीन. माझे तर हायेत ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "पुण्याच्या तिला पण विचार. चोरून नको मले काही."

मामा तयार आहेत. आई रडते, पण आता वेगळं रडते. माघातली तारीख अजून तशीच आहे, कुणी खोडली नाही. आणि मी इथे बसलोय. ऑफिसच्या जिन्यात आता रेलिंग धरून चढतो, मागचे लोक थांबतात, कुणी काही म्हणत नाही. आयुष काका म्हणायचा बंद झाला. ते जास्त लागलं.

हे सगळं तुझ्यामुळे कळलं. आता तूच सांग आमू, मी काय करू?

सुदर्शन


विश्रांतवाडी
२७ डिसेंबर २०२४

सुद्या,

आधी लॅबचं लिहिते.

नवीन कंट्रोल आलाय, सी-७. कुणाचा ते माहीत नाही, मी विचारलं नाही. चांगला आहे. हिरवा आहे. माझे मंगळवार आता वेळेत संपतात. तुझा तुकडा फेकला नाही. मॅडम म्हणाल्या, नसतं तेव्हा कसं दिसतं हे पण कुणीतरी दाखवावं लागतं, तो राहू दे. म्हणजे डिसफर्लिन लावताना सी-७ एका टोकाला आणि तू दुसऱ्या. त्यासाठी तुझी परवानगी लागेल, हॉस्पिटल तुला विचारेल, तोवर डबी बंद आहे. हो म्हण किंवा नाही म्हण, मनाला वाटेल ते. मी एवढंच सांगते की एका बाटलीला तू अजून पूर्ण हिरवा आहेस. माणूस नॉर्मल आहे की नाही हे कुठली बाटली उघडली त्यावर ठरतं, हे मला आता कळलं, आणि कळून काही उपयोग नाही.

तुझं पत्र वाचताना आप्पा समोर बसले होते. म्हणाले, "कुणाचं गं, पोरी?"

"एका पेशंटचं."

"पेशंट एवढं लांब लिहितात?"

"हा लिहितो."

"आणि तू दरवेळी असंच वाचतेस? पाठ केल्यासारखं?"

मी आत गेले.

भाग्यश्री वाईट निघायला हवी होती. निदान लग्नासाठी हपापलेली, निदान रडकी. 'माझे तर हायेत ना' हे मी बसमध्ये म्हणून बघितलं, भाकरी थापताना म्हणून बघितलं. माझ्या तोंडात ते बसत नाही. मी म्हणायला गेले असते तर त्यात एखाद्या प्रोटीनचं नाव आलं असतं. तिने चोरून नको म्हटलं, म्हणून हे पत्र तिला दाखवलंस तरी चालेल. सगळं दाखव, पुढचं पण.

तिचा रिपोर्ट स्वच्छ आला हे वाचल्यावर मला वाईट वाटलं. एका मुलीत आजार नाही, आणि मला वाईट वाटलं. मी सप्टेंबरमध्ये मोठेपणाने लिहिलं होतं, नसेल तर लॅबची हरकत नाही. ते लिहिताना मनात कुठेतरी धरून चालले होते की असेलच. रोज पेशंटच्या काचेला डोळा लावताना मी मनात म्हणते, हिरवं असू दे. तिच्यासाठी नाही म्हटलं.

आता वेगळी हरकत लिहिते, जी तेव्हा लिहिली नव्हती. मला तू हवा आहेस. धडधाकट असतास तर हवा होतासच, पण मला आता नॉर्मल माणूस आठवत नाहीये. मला ओट्यावर गुडघ्याला हात दाबून चढणारा आठवतो, जो मी पाहिलेला पण नाही. तुझ्या बाजूने चालायचं झालं तर किती हळू चालावं लागेल याचा मी लक्ष्मी रोडवर एकटीने अंदाज घेतलाय. लोक मागून ढकलतात. जमेल.

पण तू विचारलंस, मी काय करू. हे मला विचारू नकोस. डॉक्टरला विचार, आईला विचार. भाग्यश्रीने तर न विचारता उत्तर दिलंय. मी सांगितलं तर तू ते करशील, आणि मग पुढे कधीही, कुठल्याही जिन्यात तू पडलास की मला वाटेल मीच ढकललं. आयुष्यभर मी ते घेऊन फिरणार नाही. तिला हो म्हणायचं असेल तर हो म्हण, ती तुला पडू देणार नाही, एवढं मला तिच्या दोन वाक्यांवरून कळतं. पण ते तू म्हण. जेवताना नाही, दळण निवडताना नाही. उठून उभं राहून म्हण, जोवर उभं राहता येतंय.

तू जर 'येऊ का' असं विचारलं असतंस, तर मला पानभर लिहावं लागलं नसतं.

आमचं घर तळमजल्याला आहे. दारात दोन पायऱ्या आहेत, त्यातली वरची जरा उंच आहे. रविवारी शेजारी गवंडी आला होता, त्याला विचारलं, इथे उतार करता येईल का. त्याने वाकून बघितलं, वीत लावली, म्हणाला, "होईल की. कोणासाठी करायचाय?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

आमू